गोव्याहून इमॅजिकाला: पहिल्यांदा निघणाऱ्या घरासाठी

आधी तारीख ठरवा. तिकीट, हॉटेल, मुलांच्या टोप्या, सगळं नंतर. माझ्या म्हापशाच्या तिकिटांच्या दुकानात येणारी बहुतेक माणसं उलटं करतात. मे महिन्यातला एखादा शनिवार धरून येतात आणि मग विचारतात, "वहिनी, गर्दी असेल का?" मे महिन्यातल्या शनिवारी मुंबई, ठाणे, पुणे तिथंच असतं. इमॅजिका हा थीम पार्क आहे खोपोली-पाली रस्त्यावर, म्हणजे या शहरांतून सकाळी निघून रात्री परतता येईल एवढ्या अंतरावर. त्यांना तो एक दिवसाचा कार्यक्रम असतो, आपल्याला तीन-चार दिवसांची सहल. म्हणून त्यांनी शनिवार-रविवार धरावा आणि आपण तो सोडावा.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. गोव्याच्या काही सुट्ट्या महाराष्ट्रात नसतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव, आणि १९ डिसेंबरला मुक्तिदिन. त्या दिवशी आपली शाळा बंद आणि मुंबई-पुण्याची चालू. २०२६ मध्ये ३ डिसेंबर गुरुवारी येतो. बुधवारी दुपारी निघा, गुरुवारी पार्क, शुक्रवारी देवदर्शन करून रात्रीची गाडी धरा, शनिवारी सकाळी घरी. शाळा बुडते ती बुधवारची दुपार आणि शुक्रवार. त्या दिवसांत फेस्तासाठी माणसं गोव्यात येत असतात, आपण गोव्यातून बाहेर पडत असतो, म्हणून तिकिटांची ओढाताणही आपल्या बाजूला कमी. फक्त करमळीहून चढू नका. जुन्या गोव्याचं स्टेशन तेच, फेस्ताची सगळी माणसं तिथं उतरतात. थिवी किंवा मडगाव धरा. १९ डिसेंबर मात्र त्या वर्षी शनिवारी आहे, म्हणजे आपल्या उपयोगाचा नाही.

डिसेंबर-जानेवारीत एक अडचण असते, शाळांच्या सहलींची. आडवारी गेलात तरी रंगीत टोप्या घातलेली शंभर पोरं पुढ्यात उभी राहू शकतात. घाबरू नका. ती एका शिक्षकाच्या मागे घोळक्यानं फिरतात, एकाच रांगेत एकदम घुसतात आणि त्यांच्या बस लवकर निघतात. घोळका ज्या रांगेत दिसेल तिच्याकडे पाठ फिरवायची आणि दुसरीकडे जायचं. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र कुणी फुकट नेलं तरी मी सांगणार नाही. चवथीच्या सुट्टीचं तर बोलायलाच नको. त्या दिवसांत गोव्याबाहेर जायचं नाव काढलं तर घरातली मोठी माणसं काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे.

पावसाळ्यात जावं का? गर्दी कमी असते, हिरवं दिसतं, ऊन नसतं. पण जोराचा पाऊस आला की उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि मुलांना नेमक्या त्याच हव्या असतात. शिवाय जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या सावकाश चालतात. आपण पावसातली माणसं, छत्री-रेनकोटला कंटाळत नाही, तरी पहिल्या खेपेला मी पाऊस टाळायलाच सांगते.

काही जण विचारतात, बेंगळुरूचं वंडरला का नको? तेही चांगलंच आहे. म्हैसूर रस्त्यावर बिडदीला, २००५ पासून चालू आहे, आणि कॉलेजच्या मुलांचा गट असेल तर मी तिकडेच पाठवीन. पण आजी बरोबर आहे, लहान मूल आहे, कोकण रेल्वेनं जायचं आहे, आणि तिथल्या माणसाशी मराठीत बोलून काम व्हावं असं वाटतं, तर खोपोली सोपी पडते. आणि खोपोलीला आजीसाठी खास कारण आहे, ते पुढे सांगते.

प्रवासाचं म्हणाल तर रेल्वेनं पनवेल हेच सरळ. दिवसा जायचं असेल तर मांडवी एक्स्प्रेस आहे. मडगावहून सकाळी निघते, संध्याकाळ उलटल्यावर पनवेलला सोडते. वंदे भारत दुपारी निघून रात्री पोचवते, २०२३ पासून सुरू आहे, थिवीलाही थांबते. शुक्रवारी ती नसते, पावसाळ्यात तर तिचे दिवस आणखी कमी होतात. कोकणकन्या रात्रीची. हॉटेलचा एक दिवस वाचतो म्हणून सगळ्यांचा तिच्यावर डोळा. पण ती पनवेलला पहाटे चारच्या सुमारास उतरवते आणि पार्क उघडतो साडेदहा-अकराला. मधल्या सहा-सात तासांत झोपाळू मूल, सामान आणि आजी यांना घेऊन तुम्ही कुठं बसणार? वाचलेलं हॉटेल दुसऱ्या दिवशी मुलांच्या रडण्यात जातं. जाताना दिवसाची गाडी, रात्री पनवेल किंवा खोपोलीला झोप, सकाळी ताजेतवाने पार्कात, हे मला पटतं. येताना कोकणकन्या खुशाल घ्या.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ते बदललं, तरी अजून लोक चार महिने आधी येऊन परत जातात. २ डिसेंबरचं तिकीट ३ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता. मुलांचं तिकीटही नीट समजून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. पाच ते बाराच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, बर्थ नको असेल तर अर्धं. वंदे भारतसारख्या बसून जायच्या गाडीत हा अर्ध्याचा पर्याय नाही, तिथं पाचच्या वरच्या मुलाला पूर्णच. दोन मुलांमागे किती फरक पडतो ते आधीच बघा. येताना रात्रीच्या प्रवासात आठ-दहा वर्षांच्या पोराला आईच्या बर्थवर कोंबू नका. दिवसभर चालून दोघांचेही पाय भरून आलेले असतात.

परतीच्या कोकणकन्येत एक फसगत आहे. ती मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला बारा वाजून गेल्यावर येते. म्हणजे पनवेलला तारीख बदललेली असते. शुक्रवारी रात्री चढायचं असेल तर पनवेलचं तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं. तिकीट हातात आलं की चढायचं स्टेशन, तारीख आणि वेळ या तीन गोष्टी मोठ्यानं वाचा, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ऐकवत.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांना वाटेचं सांगते. मुंबई-गोवा महामार्गानं कणकवली, राजापूर, चिपळूण, कशेडीचा बोगदा, महाड, माणगाव, कोलाड करत वाकण फाट्यापर्यंत यायचं. तिथून आत पालीला वळायचं. पाली ओलांडून खोपोलीकडे जाताना पार्क वाटेतच लागतो, पनवेलपर्यंत जाऊन मागे फिरायची गरज नाही. पण रात्रभर गाडी हाकून सकाळी थेट गेटवर उभं राहायचा बेत करू नका. चालवणारा माणूस दुपारी कुठल्या तरी बाकावर घोरत पडतो आणि त्याचं तिकीट वाया जातं. आदल्या दिवशी निघा, पालीला मुक्काम करा.

रेल्वेनं जाणाऱ्यांनी पनवेलहून दोन्ही दिवसांसाठी एकच गाडी ठरवावी, सहा-सात माणसं असतील तर मोठी. पार्क गावापासून लांब आहे. रात्री सगळे एकदम बाहेर पडतात तेव्हा गेटवर उभं राहून टॅक्सी शोधायची वेळ येऊ नये. ड्रायव्हरचा नंबर दोघांच्या फोनमध्ये ठेवा. संध्याकाळपर्यंत एकाचा फोन हमखास मेलेला असतो.

आता घरातलं एक काम, आणि ते निघायच्या आधीच करायचं. मुलांना भिंतीला उभं करून उंची मोजा. अशा पार्कांत मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. त्याहून महत्त्वाचं, कुठल्या राइडवर बसता येईल तेही उंचीच ठरवते. प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथला माणूस ऐकत नाही, ऐकूही नये. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंची दिलेली असते. ती बघून मुलाला घरीच सांगा, ही तुझी, ही तुझी, ही पुढच्या खेपेला. म्हापशात रडलेलं मूल अर्ध्या तासात विसरतं. पाऊण तास रांगेत उभं राहून पट्टीपाशी परत पाठवलेलं मूल दिवसभर विसरत नाही.

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. शेजारी वॉटर पार्क आहे, बर्फाचा वेगळा विभाग आहे, आणि ही तिकिटं वेगवेगळी आहेत. "एकाच दिवसात सगळं उरकू" असं म्हणणारे भावोजी प्रत्येक घरात एक तरी असतात. त्यांना शांतपणे नाही म्हणा. पहिल्या खेपेला एक दिवस, एकच थीम पार्क. वॉटर पार्कसाठी आपल्याला हणजुण्याला जाता येतं आणि समुद्र तर दाराशीच आहे. खोपोलीपर्यंत जाऊन पाण्यात डुंबण्यात गोव्याच्या पोरांना काय नवल? तरीही जायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी जा. पाण्यात साडी किंवा सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. तिथं भाड्यानं मिळतात, पण घरातले घेऊन गेलेलं बरं. बर्फाचा विभाग लहान मुलांना आवडतो, त्याला ठरावीक वेळ मिळते. दुपारच्या उन्हातली वेळ मिळाली तर घ्या, नाही तर सोडा.

पार्कच्या आत काय करायचं याची पन्नास ओळींची यादी करून आणणारे लोक मी पाहिलेत. यादी बाराच्या आत कोलमडते. त्यापेक्षा घरातल्या प्रत्येकानं एकच गोष्ट मागायची. मोठ्या मुलाची एक, धाकटीची एक, आईची एक, बाबांची एक, आजीची एक. या झाल्याच पाहिजेत, बाकी मिळेल ते वर. गेटवर आत शिरताना विचारून घ्या की आज कुठली राइड बंद आहे. दुरुस्तीसाठी अधूनमधून एखादी बंद असतेच, आणि नेमकी मोठ्या मुलाची तीच असली तर त्याला लगेच दुसरी निवडू द्या.

मोठ्या मुलांची मागणी बहुतेक वेळा नायट्रो हीच असते. पायाखाली फरशी नसलेला कोस्टर, पाय लोंबकळत राहतात, पाच वेळा उलटा-सुलटा होतो, वेग ताशी शंभरच्या वर. ती सकाळी पहिली करायची. गेट उघडलं की बाकीचे दाराजवळचं कारंजं आणि फोटो यांत अडकतात. तेवढ्यात तुम्ही चालत सुटा, पळू नका. नाश्ता तासभर आधीच झालेला असावा, आणि तो पोटभर पुरीभाजीचा नसावा. चपला घट्ट बसणाऱ्या हव्यात. आपल्या सवयीच्या रबरी सपाता इथं कामाच्या नाहीत. बूट-मोजेही नकोत, कारण पाण्याच्या राइडवर ते भिजतात आणि मग दिवसभर पाय चिकचिकतात. मागून पट्टा असलेले सॅंडल सगळ्यात बरे.

मोठी मुलं एका पालकाबरोबर नायट्रोला गेली की दुसऱ्यानं लहानग्यांना घेऊन छोट्या हत्तींचा पाळणा, लाकडी घोड्यांचं चक्र असल्या ठिकाणी जावं. या राइडही सकाळी मोकळ्या असतात, दुपारनंतर तिथं बाबागाड्यांची भिंत उभी राहते. तासाभरानं सगळे ठरलेल्या जागी भेटायचं. जागा अशी निवडा की आजीलाही सांगता येईल. "त्या खाण्याच्या दुकानाजवळ" चालणार नाही, तशी दुकानं दहा असतात. लहान मुलाच्या खिशात चिठ्ठी ठेवा, तिच्यावर आईबाबांचे फोन नंबर. नाव शर्टावर लिहू नका, कुणीही नावानं हाक मारू शकतं.

राजासॉरस ही डायनासोरांमधून जाणारी बोटीची राइड. शेवटी धपकन खाली येते आणि माणूस भिजतो. ती ऊन तापल्यावर घ्या, म्हणजे कपडे अंगावर वाळतात. संध्याकाळी घेतली तर डिसेंबरात मुलं कुडकुडतात. घाटाच्या पायथ्याची ती जागा, आपल्यापेक्षा तिथं रात्री थंडी जास्त.

जेवण बाराच्या आधी नाही तर अडीचनंतर. एक वाजता जेवायला गेलात तर भाताच्या रांगेत राइडएवढाच वेळ जातो. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं याबद्दल गेटवर सांगायचं, हुज्जत घालायची नाही. रिकाम्या बाटल्या न्या, आत पाणी भरता येतं. मासळीचा विषय मनातून काढून टाका. दोन दिवस हुमणाशिवाय माणूस जगतो. माझे सासरे जगले.

एक ते चार ही वेळ खरी अवघड. मूल रडतं ते याच वेळात, नवरा-बायको भांडतात तेही. बाहेरच्या राइडची रांग लांबलेली असते, ऊन डोक्यावर असतं. या वेळेला बंद, थंड जागेतले खेळ ठेवून द्या. आय फॉर इंडिया त्यांतलं मला सर्वांत आवडतं. मोठ्या पडद्यासमोर खुर्च्या उचलल्या जातात आणि आपण हिमालय, घाट, किल्ले यांवरून उडत असल्यासारखं वाटतं. उंचीची भीती नसेल तर आजीनंही बसावं. हृदयाचा, मणक्याचा त्रास असेल किंवा पोटुशी बाई असेल तर राइडच्या दाराशी लिहिलेली सूचना वाचूनच ठरवा. सलीमगढ हा अंधारातला भुताचा वाडा. सहा-सात वर्षांच्या मुलाला नेण्याआधी त्याला विचारा, त्याच्या दादाला विचारू नका. दादा नेहमी "काही भीती नसते" असंच सांगतो.

पैसे जास्त देऊन रांग टाळायचा एक्स्प्रेस पास मिळतो. तो सगळ्या घरासाठी घेणं मला उधळपट्टी वाटते. आडवारी गेलात तर गरजच नसते. सुट्टीच्या दिवशी जाणं भागच असेल तर फक्त मोठ्या राइड करणाऱ्या दोघा-तिघांसाठी घ्या. प्रवेशाची तिकिटं मात्र घरूनच ऑनलाइन काढा. तारखेप्रमाणे दर बदलतो, आणि आडवार बहुतेक वेळा स्वस्त पडतो. खर्चाचा अंदाज करताना लोक प्रवेश आणि रेल्वे एवढंच धरतात. दोन दिवसांची गाडी, दोन रात्रींची खोली, आतलं जेवण, लॉकर, आणि राइडवर काढलेला फोटो हेही धरा. फोटो एकच घ्यायचा असं आत शिरण्याआधी ठरवा, नाही तर प्रत्येक राइडच्या दाराशी हट्ट होतो. पाळण्यातल्या आजीचा फोटो घेतला तर तो पुढे भिंतीवर राहतो, नायट्रोवर किंचाळणाऱ्या मुलाचा मोबाइलमध्ये हरवतो.

संध्याकाळी परेड असते. नाच, रंग, दिवे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना दिवसभरातलं तेच आठवतं. अर्धा तास आधी जाऊन कडेची जागा धरा. आणि ज्यांना परेडमध्ये रस नाही त्यांनी त्याच वेळी मोठ्या राइडकडे जावं, रांग अर्धी झालेली असते. दिवसाची दुसरी संधी म्हणतात ती हीच.

आता आजी. तिला न्यावं का, हा प्रश्न दर वेळी माझ्यासमोर येतो, आणि आजी शेजारीच बसलेली असते. न्यावं, पण तिच्यासाठी दुसरा दिवस ठेवून. पार्कात तिनं सगळीकडे फिरायची सक्ती नको. सावलीचं, पंख्याजवळचं बाक सकाळीच बघून ठेवा, ज्येष्ठांसाठी तिकिटाचा वेगळा दर असतो तो बघा, गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअरबद्दल गेटवरच विचारा. दुसऱ्या दिवशी अष्टविनायकांतले दोन गणपती होतात. पालीचा बल्लाळेश्वर त्याच रस्त्यावर पुढे, आणि महडचा वरदविनायक खोपोलीजवळ. फोनच्या नकाशावर महड शोधताना सावध राहा. इंग्रजीत महामार्गावरचं महाडही तसंच लिहितात, आणि ते मागे कित्येक मैलांवर राहिलेलं असतं. ड्रायव्हरला "वरदविनायक" एवढंच सांगा. आदल्या दिवशी आजीनं मुलांसाठी बाकावर वाट पाहिली, आज मुलांनी रांगेत तिच्याबरोबर उभं राहायचं. हा सौदा घरीच करून घ्या, मंगळवार आणि चतुर्थी टाळा, की दर्शन लवकर होतं.

दर्शन आटोपून दुपारी जेवून थोडं झोपायला मिळावं म्हणून हॉटेलची खोली संध्याकाळपर्यंत राहील का ते आधी विचारा. पनवेल स्टेशनवर मध्यरात्रीची गाडी येईपर्यंत चार तास बाकावर काढणं, तेही दोन दिवसांच्या थकव्यावर, कुणालाच जमत नाही. थिवीला सकाळी उतरल्यावर घरी न्यायला कोण येणार तेही निघण्याआधीच ठरवा. आणि शेजाऱ्यांसाठी लोणावळ्याची चिक्की न्यायचीच असेल तर ती पनवेलच्या दुकानांतही मिळते, तेवढ्यासाठी घाट चढू नका.